हायवेला लागून डाळिंबाची बाग आहे, मधमाशीच्या पेट्या नेमक्या कुठं ठेवाव्यात?

माणदेशी_डाळिंब
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात आमची भगवा जातीच्या डाळिंबाची बाग आहे, साडेतीन एकर, यंदा हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा) धरलाय. कळी चांगली निघालीय, फूल अजून तुरळक उमललंय. गेल्या बहाराला सेटिंग (फळधारणा) फार विरळ झालं म्हणून यावेळी मधमाशीच्या पेट्या भाड्यानं आणायचं ठरवलंय, पेटीवाल्याशी बोलणं पण झालंय. आता अडचण अशी की आमच्या बागेच्या उत्तरेला रत्नागिरी-सोलापूर हायवे अगदी लागून आहे आणि रस्ता मोठा झाला तेव्हा भराव टाकून टाकून आमच्या रानापेक्षा पुरुषभर उंच गेलाय. कंटेनर, एसट्या, आता कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, रात्रंदिवस वर्दळ. वर चुलत्यांची एक एकर बाग रस्त्याच्या पलीकडं आहे, तीही याच बहाराला आहे.

पेटीवाला म्हणतो सर्व्हिस रोडच्या कडेला बांधावर ठेवू, टेम्पो रात्री तिथपर्यंत येतो, उतरवायला सोपं. वडील म्हणतात रस्त्याला नको, बागेच्या मध्ये ठेवा. मला दोघांचं पटतंय आणि दोघांचं पटत पण नाही, कारण बागेच्या मध्ये ठेवल्या तर फवारणीला ट्रॅक्टर कसा फिरवायचा? गाड्यांना धडकून माशी मरते का, धुराचा काही परिणाम होतो का, रस्त्यापासून किती लांब ठेवायच्या, आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे एखाद्या टू-व्हीलरवाल्याला चावली आणि तो पडला तर काय? ज्यांनी स्वतः पेट्या ठेवल्यात त्यांनी जरा सविस्तर सांगा. शेजारी एका बाजूला बोराची बाग आहे, दुसऱ्या बाजूला ढोबळी मिरचीचं शेडनेट.

फिरता_मधपाळ
दादा, मी मेलीफेराच्या (युरोपियन जातीच्या पाळीव माशीच्या) पेट्या फिरवतो, सूर्यफूल, कांदा बियाणं, डाळिंब, आणि थंडी पडली की राजस्थानात मोहरीला. त्यामुळं पेटीवाल्याची बाजू मला ठाऊक आहे, रात्री अंधारात भरलेली पेटी खांद्यावर घेऊन ढेकळातून चालणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं, म्हणून तो रस्त्याची कड मागणारच. पण तुमच्या जागेला ती कड नको म्हणजे नकोच, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय, भराव.

सपाट रस्ता असता तर मी वेगळं बोललो असतो. माशी पेटीतून निघाली आणि समोर मोकळं असलं की ती तिरकी चढत जाते, लगेच उंच जात नाही. सपाट रस्त्याच्या कडेला पेटीसमोर आडोसा केला, शेडनेट बांबूला ताणून सात-आठ फूट, किंवा दाट शेवरी असली तरी चालते, की माशी दारातून निघाल्या निघाल्या उभी चढते आणि बऱ्यापैकी गाड्यांच्या वरून जाते. तुमच्याकडं रस्ताच पुरुषभर वर आहे. म्हणजे रानातून आठ-दहा फुटांवरून निवांत चाललेली माशी रस्त्यावर पोचते तेव्हा बरोबर मोटरसायकलवाल्याच्या छातीला आणि कारच्या काचेला येते. आडोसा करायचा तर तो किती उंच करणार, वीस फूट? वाऱ्यात टिकणार नाही.

त्यामुळं तुमच्यासाठी उपाय अंतर हाच. पेट्या दक्षिण टोकाला, बागेच्या रस्त्यापासून सगळ्यात लांबच्या बांधावर ठेवा. माशी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते हे खरं आहे पण जवळ खायला मिळत असताना ती उगाच लांब जात नाही, दाराशी फूल असेल तर बहुतेक माशी तिथंच राबते. पेटी आणि रस्ता यांच्या मधे फुलोरा आला पाहिजे. आज तुमचा पेटीवाला सांगतोय त्यात उलटं होतंय, पेटी रस्त्याला आणि फूल आत, म्हणजे अर्धी माशी निघाली की पहिल्यांदा रस्त्याकडंच तोंड.

आणि चुलत्यांच्या पलीकडच्या एकरासाठी इकडून माशी जाईल या भरवशावर राहू नका. तिकडं दोन पेट्या वेगळ्या ठेवा, त्यांच्याही लांबच्या टोकाला. इकडं साडेतीन एकराला सहा-सात पेट्या पुरतात, आम्ही डाळिंबाला साधारण एकरी दोन धरतो.

दाराचं तोंड पूर्व-आग्नेयेला. सकाळचं ऊन दारावर आलं की माशी लवकर कामाला लागते, आणि तुमचा हायवे उत्तरेला आहे म्हणजे रात्रीच्या हेडलाईटपासून पण दार वळतं. हे लोक विचारात घेत नाहीत. गरम रात्री माशी दाराबाहेर झुपक्यानं बसलेली असते, दारावर लाईट पडत राहिला की ती उजेडाकडं उडते आणि परत येत नाही. सर्व्हिस रोडला पोल असेल आणि त्यावर बल्ब, तर सकाळी खाली मेलेल्या माशांचा सडा दिसतो.

कांदाबी_जालना
आमच्याकडं कांद्याच्या बियाण्याला वर्षानुवर्षं पेट्या रोडच्या कडेलाच उतरवतात, काही होत नाही. एवढा बाऊ करायची गरज नाही. माशी हुशार असते, आपला रस्ता ती शोधते.

फिरता_मधपाळ
भाऊ, तुमच्याकडं मी पण आलोय. तिथं जे रोड आहेत ते गावाकडचे, तासाला चार-दोन ट्रॅक्टर आणि ते पण वीसच्या स्पीडनं. त्या गाडीच्या पुढून माशी बाजूला होते. ऐंशी-शंभरनं कंटेनर जातो तेव्हा माशीला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, आणि नुसती धडकच नाही, मागं जो वाऱ्याचा झोत येतो त्यात परागानं लादलेली माशी रस्त्यावर आपटते, तिच्यावरून मागची गाडी. पेटीतून कामावर जाणारी माशी म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांची म्हातारी माशी, ती रोज थोडी थोडी कमी होत गेली तर पेटी उघडून बघितल्यावर पण लगेच कळत नाही, पिल्लावा (अंडी-अळ्या) दिसतो, राणी दिसते, सगळं ठीक वाटतं. दारावर परागाची ये-जा कमी झालेली दिसते एवढंच.

कसमादे_बागायतदार
सटाण्याकडचा डाळिंब आणि द्राक्ष शेतकरी आहे. रस्त्याबद्दल मधपाळ भाऊंनी सांगितलं ते बरोबर, पण माझं म्हणणं असं की रस्त्यानं जेवढी माशी मरते त्याच्या कितीतरी पट आपल्या फवारणीच्या ब्लोअरनं मरते आणि त्याबद्दल आपण बोलतच नाही. डाळिंबात फुलोऱ्यात फुलकिडे असतात, मावा असतो, फळ पोखरणाऱ्या सुरसा अळीची भीती असते, म्हणून आपण फूल असताना फवारतो, ते पण सकाळी नऊ-दहाला, म्हणजे माशी भर कामात असताना. तुम्ही भाडं देऊन माशी आणणार आणि आपल्याच हातानं मारणार.

मी सांगतो तसं करा. पेट्या यायच्या आधी जे काही फुलकिड्याला, माव्याला मारायचंय ते कळीतच मारून घ्या. पेट्या आल्यावर फिप्रोनिल, क्लोरपायरीफॉस, इमिडा (इमिडाक्लोप्रिड), थायमेथोक्झाम या कीटकनाशकांचं नाव काढू नका. आणि यात एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटते, खोडकिड्याला आपण बुडात ड्रेंचिंग करतो (औषधाचं पाणी ओततो) किंवा ड्रीपमधून इमिडा, थायमेथोक्झाम सोडतो. फवारलं नाही म्हणजे माशीला धोका नाही असं वाटतं, पण ही औषधं आंतरप्रवाही आहेत, मुळातून वर चढतात आणि परागात, मधुरसात उतरतात. बहाराच्या तोंडावर ड्रेंचिंग केलं असेल तर पेटीवाल्याला ते आधी सांगा, हा त्याच्या मालाचा प्रश्न आहे.

दुसरं, बाटलीवरचा त्रिकोण बघून निर्णय घेऊ नका. तो लाल-पिवळा-निळा-हिरवा रंग माणसाला आणि जनावराला किती विषारी ते सांगतो, माशीचा त्याच्याशी संबंध नाही. दुकानदार सुद्धा हिरवा त्रिकोण दाखवून बिनधास्त मारा म्हणतो. लेबलवर बारीक अक्षरात मधमाश्यांना घातक असं लिहिलेलं असतं ते वाचा.

अगदीच मारावं लागलं तर दिवस मावळल्यावर, माशी पेटीत गेल्यावर. स्पिनोसॅडसारखं औषध ओलं असेपर्यंत माशीला जास्त घातक असतं, रात्रभर सुकलं की सकाळपर्यंत धोका बराच उतरतो. निंबोळी अर्क चालतो. तेल्या रोगासाठी बोर्डो मिश्रण मारणार असाल तर तेही संध्याकाळीच, आणि उमललेल्या फुलावर पाण्याचा जोर नको, पराग धुतला जातो.

पेटीवाला आणि तुमच्यात फवारणीचं आधी ठरलं पाहिजे, तोंडी नको, व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवायचं, तो संध्याकाळी दारं बंद करून वर ओली पोती टाकेल.

माणदेशी_डाळिंब
कसमादे भाऊ, हे फार मोलाचं सांगितलंत. थायमेथोक्झामचं ड्रेंचिंग ताण (बहारासाठी पाणी तोडतो तो) सोडायच्या आधी केलंय, पाणी सुरू करून आता बरेच दिवस झाले. ढोबळीवाला शेजारी मात्र आठवड्याला फवारतो, शेडनेट आहे पण बाजूच्या जाळ्या फाटल्यात. त्याला काय सांगू?

कसमादे_बागायतदार
त्याला नुसतं सांगू नका, चहाला बोलवा आणि पेट्या येणार तेव्हा दाखवायला न्या. बोरवाल्याला पण. बोराला सुद्धा माशी लागते, त्याचा फायदा फुकटात होणार आहे, तो तुमच्या बाजूनं राहील. ढोबळीवाल्यानं संध्याकाळी मारायचं कबूल केलं तरी पुष्कळ झालं. आणि पेट्या त्याच्या बांधापासून जरा हटवून बोराच्या बाजूला सरकवा.

जावळीची_सातेरी
मी आमच्या डोंगरात सातेरी (आपली देशी पाळीव माशी) पाळते, आमच्याकडं मेलीफेरा नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव झालं २०२२ ला, तेव्हापासून खालचे पुष्कळ शेतकरी सातेरीच्या पेट्या न्यायला येतात म्हणून एक सांगावंसं वाटतं. दादा, तुम्हाला कोणी सातेरी देत असेल आणि जागा हायवेची असेल तर नेऊ नका. सातेरी फार हळवी. सतत हादरा, आवाज, मुंग्यांचा त्रास, ऊन, यातलं काहीही जास्त झालं की ती अख्खं घर सोडून निघून जाते, सकाळी पेटी उघडावी तर नुसती पोळी. मेलीफेरा एवढ्या तेवढ्याला पेटी सोडत नाही. सातेरी फिरते पण कमी, एक-दीड किलोमीटरच्या आत, त्यामुळं बागेच्या अगदी आत ठेवावी लागते.

पेटी कुठलीही असो, पाण्याचं बघा. माणदेशात ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. माशीला पाणी लागतंच, पिल्लाव्यासाठी आणि पेटी थंड ठेवायला पण. जवळ पाणी नसेल तर ती रस्त्याच्या गटारीला जाते, धाब्याच्या मोरीला जाते, आणि मग लोक म्हणतात तुमच्या माशा आमच्याकडं येतात. पेट्यांपासून पंधरा-वीस पावलांवर पसरट घमेल्यात पाणी ठेवा, त्यात दगडगोटे आणि नारळाचा काथ्या टाका म्हणजे माशी बुडत नाही. पेट्या यायच्या दिवशीच ठेवा, एकदा गटारीची सवय लागली की घमेल्याकडं वळवणं अवघड. ठिबकच्या गळक्या जॉईंटवर पण बसतात, मजुरांना तिथं जपून हात घालायला सांगा.

आणि स्टँडच्या चारी पायांखाली वाट्या, त्यात पाणी आणि थोडं जळकं ऑईल. मुंगळे एका रात्रीत पेटी खातात.

कीटकशास्त्र_एमएस्सी
धुराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण त्यावर चांगलं काम झालंय आणि आपल्याजवळच झालंय. बंगळुरूत एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी शहरातल्या कमी-जास्त प्रदूषण असलेल्या जागांवरच्या आग्या माशा पकडून तपासल्या, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. जिथं हवेत धुळीचे कण जास्त तिथं माशांची फुलावर ये-जा कमी दिसली, त्यांच्या अंगावर, पायांवर, पंखांवर कण चिकटलेले होते, हृदयाच्या ठोक्यांची लय बदललेली होती आणि पकडून आणल्यावर त्या लवकर मरत होत्या. ही जंगली आग्या माशी होती, पेटीतली नव्हे, पण माशीच ती.

त्याआधी २०१३ मध्ये इंग्लंडात साउथॅम्प्टनच्या लोकांनी डिझेलच्या धुराचं बघितलं होतं. मोहरीच्याच जातीतल्या रेपसीडच्या फुलाचा वास अनेक घटकांचा मिळून बनतो, डिझेलच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साईड त्यातले काही घटक काही मिनिटांत खाऊन टाकतात, आणि ते घटक गेले की शिकवलेल्या मधमाशीला तो वास पूर्वीसारखा ओळखू येत नाही. डाळिंबाचं फूल लालभडक असलं तरी माशीला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यामुळं वास तिच्या कामाचा आहे. म्हणजे रस्त्यालगतच्या दोन-चार ओळींत सेटिंग इतर बागेपेक्षा कमी दिसलं तर नवल वाटून घेऊ नका, तिथं धूळ पण फुलावर बसते, पराग मळतो. पेट्या मागं नेल्यानं तुमच्या बागेचा मोठा भाग यातून वाचतो.

मधाबद्दल लोक विचारतात. शिशाचं पेट्रोल आपल्याकडं २००० साली बंद झालं, त्यामुळं रस्त्याकडेच्या मधात शिसं ही पूर्वीची मोठी काळजी आता तेवढी राहिली नाही. माशीच्या पोटातून गाळून येताना मधात धातू कमीच उतरतात, पराग आणि प्रोपोलिसमध्ये (माशी झाडाच्या डिंकापासून बनवते तो चिकट पदार्थ) जास्त सापडतात. म्हणून हायवेजवळच्या पेट्यांचा पराग गोळा करून खायला विकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. डाळिंबाला मध तसाही फारसा मिळत नाही, माशी तिथं मुख्यतः परागासाठी जाते, तुमचं येणं फळातच आहे.

अजून एक, अपेक्षा नीट ठेवा. डाळिंबात दोन तऱ्हेची फुलं येतात, बुडाशी फुगीर कळशीसारखी जी असतात ती फळ धरतात, आणि घंटेसारखी निमुळती ती नर, ती गळणारच, माशी आणली म्हणून ती फळं होत नाहीत. माशीचा फायदा फळ धरणाऱ्या फुलात होतो. डाळिंबाचा एकेक दाणा म्हणजे एकेक बी आहे, जेवढे पराग नीट पोचतील तेवढे दाणे भरतात, त्यामुळं फळाच्या आकारात आणि वजनात फरक दिसतो. गेल्या बहाराला तुमची नर फुलंच जास्त निघाली असतील तर ते ताण, खत आणि झाडातल्या साठ्याचं गणित आहे, त्यासाठी सोलापूरजवळ केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राशी बोला.

माणदेशी_डाळिंब
सर, गेल्या वेळी घंटेसारखी पुष्कळ होती, आता लक्षात आलं. यंदा कळशीवाली चांगली दिसतायत. दक्षिण टोकाला ठेवायचं वडिलांना पण पटलं, तिथं लिंबाची दोन झाडं आहेत, दुपारची सावली पडते. पेटीवाल्याला फोन केला, तो म्हणाला आत टेम्पो येणार असेल तर हरकत नाही, म्हणून मधल्या सरीतून वाट मोकळी करतोय, तिथला मुरूम जरा ओढून घेतो. आता दोन शंका. पहिली, कधी आणाव्यात, आता लगेच आणू का? दुसरी, समजा तिथं जमलं नाही तर चार दिवसांनी पन्नास-शंभर फूट इकडंतिकडं सरकवता येतील ना?

फिरता_मधपाळ
दुसरीचं उत्तर आधी, नाही. पेटी जिथं उतरली तिथली जागा माशी पहिल्याच दिवशी उडून उडून डोक्यात बसवते. शंभर फूट सरकवलीत की कामावरून आलेली माशी जुन्या जागेवरच येऊन घिरट्या घालत बसते, संध्याकाळी तिथल्या गवतावर झुपका करते आणि गारठून मरते. सरकवायची तर दिवसाला दोन-तीन फूट, नाहीतर सरळ तीन किलोमीटरच्या पुढं. म्हणून पेट्या यायच्या आधी सकाळी आणि दुपारी त्या जागेवर स्वतः उभं राहून बघा, ऊन कुठून येतं, वारा कुठून, मजूर कुठून ये-जा करतात, ट्रॅक्टर कुठं वळतो. दारासमोर पंधरा-वीस फुटांत कोणाची पायवाट नको. लिंबाची सावली दुपारी हवी, सकाळी दारावर ऊनच हवं. आणि स्टँड जमिनीपासून दीड फूट तरी वर.

पहिली, लगेच नको. बागेत दहातलं एक फूल उमललं की आणा. आता फूल तुरळक आहे आणि शेजारी बोर फुलावर, आज आणल्यात तर माशी बोराला लागेल आणि एकदा तिथला रस तोंडाला लागला की डाळिंबाकडं वळायला वेळ लावते. बागेत फूल दिसतंय अशा वेळी नव्या जागेवर उघडली तर पहिल्याच दिवशी तिथलं काम धरते. रात्री उतरवा, दारं पहाटे उजाडायच्या आत उघडा. उतरवल्यावर हादऱ्यानं चिडलेली असते, तासभर तशीच राहू द्या, मग दार.

आणि चावण्याचं तुम्ही विचारलं होतं. दक्षिण टोकाला ठेवल्यावर रस्त्यावरच्या माणसाला त्रास व्हायचं कारण उरत नाही, बागेत राबणारी माशी फूल सोडून माणसाच्या मागं लागत नाही, ती चिडते पेटीजवळच. पण पेटी तपासताना दुपारचं वारं असलेल्या वेळी, ढगाळ हवेत उघडू नका, तुमच्या पेटीवाल्याला पण सांगा. मजुरांत कोणाला आधी माशी चावून अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला असं झालेलं असेल तर त्याला त्या बाजूला काम देऊ नका, आणि असं झालंच तर घरगुती उपाय करत न बसता सांगोल्याला दवाखान्यात घेऊन पळा. पेट्यांजवळ मराठीत मोठ्या अक्षरात पाटी लावा. हायवेच्या बाजूनं मात्र पाटी लावू नका, पेट्या चोरीला जातात, आणि रस्त्यावरून दिसणारी पेटी पहिली जाते.

दारावर रोज सकाळी पाच मिनिटं उभं राहायची सवय लावा. मागच्या पायांना परागाच्या गोळ्या लागून माशी आत जातेय म्हणजे काम चालू आहे. दारासमोर एकाएकी मेलेल्या माशांचा ढीग दिसला आणि त्यांच्या जिभा बाहेर आलेल्या असल्या तर ते औषध, रस्ता नव्हे. तेव्हा त्याच दिवशी शेजारी कोणी काय मारलं ते विचारून घ्या आणि पेटीवाल्याला फोन करा.

माणदेशी_डाळिंब
सगळ्यांचे मनापासून आभार. ढोबळीवाल्याशी आज संध्याकाळी बोलतोय, बोरवाला तर म्हणाला माझ्याकडं पण दोन ठेवा. चुलत्यांच्या एकरासाठी वेगळ्या दोन सांगितल्यात, तिकडच्या विहिरीजवळ. दहा टक्के फूल झालं की इथंच कळवतो, पेट्या बसल्यावर फोटो टाकीन, दाराचं तोंड बरोबर आहे का ते बघून सांगा.

जावळीची_सातेरी
विहिरीजवळ ठेवताय तर कठड्याला आणि मोटारीच्या पेटीला जपा दादा, रात्री तिथं बल्ब चालू असतो का ते बघा. असेल तर पेट्या त्याच्या आडोशाला, दार उलट्या बाजूला.